मंदाच्या हाताचा हंगाम

बीडजवळच्या कपिलधारच्या डोंगरातली सीताफळं यंदा जरा लवकरच उतरली. पालीच्या पुढं रस्त्याच्या कडेला बायका पाट्या घेऊन बसल्यात. पाटीत खाली सीताफळाचाच पाला, वर फळांची रास, आणि फळांच्या डोळ्यांमधल्या रेघा पिवळसर झालेल्या. मोटारसायकल उभी केली की फळ हातात घ्यायच्या आधी वास येऊन भिडतो. मी दरवर्षी थांबतो. पण या दिवसांत माझ्या हातांना येतो तो वास वेगळाच असतो. कोमट खोबरेल तेलाचा. पाच-सहा वर्षांपूर्वी असाच सीताफळांचा हंगाम सुरू असताना मी रोज सकाळी, दुपारी आणि दिवेलागणीला बायकोचा हात माझ्या हातात घेऊन बसत होतो. तेव्हापासून तो वास हाताला चिकटला, तो चिकटलाच.

मी खेळाचा मास्तर. बिंदुसरा नदीच्या पाण्यापासून थोड्या अंतरावर आमचं गाव, गावाच्या टोकाला हायस्कूल, आणि हायस्कूलच्या मागं डोंगराला टेकलेलं मैदान. त्या मैदानावर माझी हयात गेली. गळ्यात शिट्टी, पायात कॅनव्हासचे बूट. पोरांना सरळ उभं करायचं, छाती पुढं, मान ताठ. वाकून पायाचे अंगठे धरायला सांगायचे आणि ज्याचे हात पोचत नाहीत त्याच्या पाठीवर तळवा ठेवून दाबायचं. 'एक! दोन! तीन!' प्रत्येक आकड्याला एक झटका. मला माझ्या गुरुजींनी तसंच शिकवलं होतं. ताठ उभं करणं हाच माझा सगळा धंदा. सैल सोडणं नावाची काही विद्या असते, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

मंदा उमापूरची. कापसाच्या मुलखातली. अठराव्या वर्षी लग्न होऊन आली ती गेवराईला शिवणकामाचा क्लास करून. घराच्या खिडकीपाशी तिची मशीन. गावातल्या निम्म्या बायकांचे ब्लाऊज तिच्या हातचे. ती माप एकदाच घ्यायची. टेप गळ्यात टाकून बाईला एकदा गोल फिरवायची आणि कापडाला कात्री लावायची. 'मंदाबाईनं बेतलं की सुरकुती न्हाई,' असं बायका म्हणायच्या. ते ऐकून ती हसायची नाही. कात्री मात्र जरा जोरात चालायची.

महालक्ष्म्या बसायच्या आदल्या दिवशीची गोष्ट. आमच्याकडं मराठवाड्यात गौरींना महालक्ष्म्या म्हणतात आणि त्यांच्या फराळापायी घरातल्या बायांना आठवडाभर उसंत नसते. त्या दुपारी मंदा करंज्या तळत होती. गॅसच्या शेगडीचा एक पाय महिन्यापूर्वी तुटला होता. त्याच्या जागी मी पुठ्ठ्याची घडी सारली होती. "अहो, शेगडी हलायलीय," असं तिनं दोनदा सांगितलं होतं आणि "रविवारी बघतो," असं मी दोन्हीदा म्हणालो होतो. मधले रविवार येऊन गेले. त्या दुपारी शेगडी कलली, कढई घसरली, आणि मंदानं सवयीनं हात पुढं केला. उकळतं तेल उजव्या हाताच्या मागच्या बाजूवर सांडलं. मनगटापासून बोटांच्या पेरांपर्यंत.

मी अंगणात होतो. ओरडणं ऐकू आलं नाही. तिनं डाव्या हातानं आधी गॅस बंद केला आणि मग दारात येऊन म्हणाली, "आवो, हातावर पाणी टाका. लई टाका."

रांजण रिकामा होईस्तोवर मी पाणी ओतत राहिलो. मग ओलं फडकं गुंडाळून मोटारसायकलवर बीडला नेलं. राहिलेल्या करंज्या शेजारच्या गयाकाकूनं तळल्या. लक्ष्म्याही तिनंच बसवल्या. दवाखान्यातून परत आल्यावर मी पहिलं काम केलं ते शेगडीचा पाय आणून बसवण्याचं. मंदानं पलंगावरून पाहिलं. त्या पायाबद्दल ती आजपर्यंत बोललेली नाही.

पट्ट्यांचे ते दिवस मला मऊ, पांढरे आठवतात. कापसाच्या बोळ्यासारखे. मी तिला भरवायचो. तिची वेणी घालायला शिकलो, ती कायम डाव्या खांद्याकडं झुकायची. हात उशीवर ठेवून द्यायचो. पट्टी बदलणाऱ्या सिस्टर दर वेळी बजावायच्या, "बोटं हलवत राहा. दुखलं तरी हलवा." मंदा घरी येऊन बोटं हलवायला जायची, कपाळावर घाम यायचा, ओठ दातांखाली जायचे. मला ते बघवायचं नाही.

"राहू दे," मी म्हणायचो. "आराम पडू दे हाताला."

"सिस्टर म्हणल्या न्हाई का..."

"सिस्टरला काय जातंय म्हणायला."

ती थांबायची. मला वाटायचं, मी तिला जपतोय. शेगडीच्या तुटक्या पायाची भरपाई मी अशी करत होतो, एकेक 'राहू दे' म्हणून.

कोजागिरीच्या आसपास शेवटची पट्टी निघाली. नवी कातडी गुलाबी, चकचकीत, कुठं कुठं दोरीसारखी उचललेली. जखम भरली होती. पण बोटं मागं ओढल्यासारखी ताठ उभी राहिली होती, मूठ वळत नव्हती. अंगठा पहिल्या बोटाला चिकटल्यासारखा झाला होता, मधली कातडी आखडून गेलेली. मंदानं हात उजेडाकडं धरला, उलटासुलटा करून पाहिला, जसं ती गिऱ्हाइकाचं कापड बघते तसा. मग म्हणाली, "कापड कमी पडलंय बगा."

डॉक्टरांनी बोटं वाकवून पाहिली. "घरी हलवत होता ना?"

मंदा खाली बघून म्हणाली, "होय तर. हालवत होते."

माझ्यासाठी ती खोटं बोलली. बावीस वर्षांच्या संसारात ती खोटं बोललेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. मला ते गिळवेना.

"नाही डॉक्टर," मी म्हणालो. "ती हलवत होती, मीच नको म्हणायचो."

डॉक्टर रागावले नाहीत. नुसते म्हणाले, "भाजलेली कातडी भरून आल्यावरही आवळत राहते. तुम्ही झोपलात तरी ती आपलं काम करत असते. आता रोज ताण द्यावा लागेल. दोन महिन्यांत फरक पडला तर ठीक, नाहीतर ऑपरेशन करून ही कातडी सोडवावी लागेल." आणि चिठ्ठी लिहून दिली, व्यायामाच्या डॉक्टरीणबाईंच्या नावची.

त्या डॉक्टरीणबाई म्हणजे आमची अश्विनी. आमच्याच शाळेची विद्यार्थिनी. बीडमध्ये एका लहानशा खोलीत तिनं फिजिओथेरपीचं काम सुरू केलं होतं. मला बघून ती खुर्चीवरून उठलीच. "सर, तुम्ही!" मग तिची नजर मंदाच्या हाताकडं गेली आणि ती एकदम डॉक्टर झाली.

तिनं आधी कोमट खोबरेल तेल लावलं. अंगठ्यानं गोल गोल फिरवत ती कातडी इतक्या सावकाश चोळली, की मला वाटलं, ही वेळ काढतेय. मग चारी बोटं आपल्या तळहातात घेऊन हळूहळू खाली वळवली, एका ठिकाणी थांबली आणि तशीच बसून राहिली. मनातल्या मनात काहीतरी मोजत होती.

"हे बघा सर," ती म्हणाली. "पेरांवरची कातडी कशी पांढरी पडली. गुलाबी जाऊन पांढरी. ही आपली हद्द. इथपर्यंत यायचं, तीस आकडे थांबायचं, मग हळू सोडायचं. पांढऱ्याच्या पुढं जायचं नाही, अलीकडंही थांबायचं नाही. आता तुम्ही करा."

मी तेल लावलं. बोटं धरली. आणि माझ्या नकळत माझ्या हातानं मैदानावरचं काम केलं. एक! मंदा किंचाळून अर्धी उठली.

"सर, झटका नाही!" अश्विनीनं माझं मनगट धरलं. माझ्याच विद्यार्थिनीनं, माझं मनगट. "झटका दिला की शरीर घाबरतं. उलट आवळून घेतं. ताण सावकाश, आणि एकदा दिला की स्थिर."

मी मान हलवली. ती जरा घुटमळली, मग हसत म्हणाली, "रागावू नका सर, पण तुम्ही आम्हाला ग्राउंडवर असेच झटके द्यायला लावायचे. आठवीत पाठीवर दाबलं होतं तुम्ही. माझी मांडी लचकली होती, आठ दिवस."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्हाला कोण सांगणार?"

ती हसतच होती. मला मात्र परतीच्या रस्त्याला मैदानावरच्या सगळ्या वाकलेल्या पाठी दिसत राहिल्या.

निघताना तिनं मंदालाही एक गोष्ट बजावली होती. "काकू, याला पॅसिव्ह स्ट्रेचिंग म्हणतात. म्हणजे हात तुमचा, पण काम सरांचं. तुम्ही काहीच करायचं नाही. वाकवायला मदत करायची नाही, अडवायचंही नाही. नुसता हात सोडून द्यायचा. बोटं स्वतःहून हलवायचा व्यायाम वेगळा, तो नंतर. आधी कातडीला लांब व्हायची सवय लावायची."

'काहीच करायचं नाही' हे मंदाला सांगणं म्हणजे बिंदुसरेला उलटं वाह म्हणून सांगण्यासारखं होतं.

पहिली सकाळ. आतल्या खोलीत बसलो. तेल कोमट केलं, चोळलं, बोटं धरली. तीन आकडे झाले आणि मंदाच्या तोंडून किंकाळी निघाली. मी सोडलं. "धरा," ती म्हणाली. मी धरलं. पुन्हा किंकाळी. पुन्हा "धरा." असं पाच-सहा वेळा झालं असेल, तेवढ्यात दार धाडकन उघडलं. हातात खराटा घेऊन गयाकाकू उभी. साठी उलटलेली, उभी हयात मजुरीत गेलेली, अंगानं काडी पण आवाज पहाडी.

"सर, कावून मारायलात हो बाईला? हात भाजलेल्या बाईला? मास्तर म्हणायचं का काय म्हणायचं तुमाला?"

मी पटकन बोटं सोडली. मंदाच्या डोळ्यांत पाणी होतं आणि त्या पाण्यासकट ती हसायला लागली. हसता हसता म्हणाली, "काकू, मारायले न्हाईत वो. डॉक्टरीणबाईनं सांगितलंय असं करायला. हात मोकळा व्हायला पायजे म्हून."

काकू खराटा खाली न घेता म्हणाली, "मंग दार लावून कावून? भाईर बसा. सगळ्याला दिसू द्या काय चाललंय ते. आतून वरडणं आलं की मानूस काय समजंल?"

तिचं खरं होतं. दुपारपासून आम्ही बाहेर ओट्यावर बसायला लागलो. आमच्या गल्लीत नवऱ्यानं बायकोचा हात भर उजेडात हातात घेऊन बसणं ही काही रोजची गोष्ट नव्हती. पाण्याला जाणाऱ्या बायका पदर तोंडाला लावायच्या. पाराशी बसलेल्यांपैकी कुणीतरी ओरडायचं, "काय सर, ऱ्हाऊन गेलं व्हतं व्हय लग्नात?" मला घाम फुटायचा. मंदा मात्र तशीच बसून राहायची, हात माझ्या मांडीवरच्या उशीवर, नजर समोरच्या डोंगराकडं. एकदा मी लाजून हात आवरता घेतला तेव्हा ती म्हणाली, "त्यांचा हात आखडला न्हाई. माझा आखडलाय. धरा."

चार-पाच दिवसांत ओरडणं थांबलं, पण हात सैल होईना. मी बोटं खाली न्यायला लागलो, की तिचं मनगट घट्ट व्हायचं, खांदा वर चढायचा, जबडा आवळायचा.

"सैल सोड."

"सैलच हाय की."

"नाही. तू मला मदत करायलीस."

"मदत केली तर बिघडलं कुठं?"

"मंदा, काहीच करू नको."

ती खरोखर प्रयत्न करायची. डोळे मिटून, कपाळाला आठ्या घालून, सगळा जोर लावून ती सैल व्हायला बघायची. मला हसावं का रडावं कळायचं नाही. अठराव्या वर्षापासून या बाईनं कुणावर कधी भार टाकला नव्हता. पाणी, सरपण, शिवण, पाहुणे, माझ्या आईचं आजारपण, सगळं तिच्या या हातानं ओढलं. ज्या हाताला कधी कुणी धरलं नाही, त्याला सुटायचं कसं ते कसं कळावं?

वाट सापडली ती सीताफळांमुळं. डोंगरावरून पाटी घेऊन उतरणारी एक बाई सकाळी ओट्यापाशी थांबली. मंदा तिच्याशी बोलू लागली. यंदा फळ कसं आहे, कोणत्या बाजूला लवकर पिकलं, उमापूरला अशी फळं मिळत नाहीत. बोलता बोलता मला जाणवलं, हात जड झाला. जड आणि मऊ. बोटं आपोआप खाली आली, कालच्या जागेपेक्षा सुतभर पुढं, आणि मग कातडी पांढरी पडली. मी श्वास रोखून तीस मोजले. मंदाला कळलंही नव्हतं.

म्हणजे तिला बोलतं ठेवायचं. पण माझी पंचाईत झाली. बावीस वर्षं एका घरात राहून, 'भाजी काय' आणि 'भाकरी वाढ' याच्या पलीकडं बोलायचं काय असतं, हे मला ठाऊक नव्हतं. पहिल्या दिवशी मी विचारलं, "तुमच्या उमापूरला कापूस कधी सुरू होतो?" तिनं माझ्याकडं असं पाहिलं, की जणू शाळा तपासायला साहेब आलेत. पण सांगितलं. दुसऱ्या दिवशी विचारावं लागलं नाही.

त्या दिवसांत मला माझी बायको तीस तीस आकड्यांच्या तुकड्यांनी कळत गेली. कापूस वेचताना बोंडाची टोकं लागून लहानपणी तिच्या बोटांना रक्त यायचं आणि आई त्यावर हळद लावून पुन्हा शेतात धाडायची. ती शाळेत खो-खोत सगळ्यांत चपळ होती. मी, खेळाचा मास्तर, हे मला माहीत नव्हतं. माझी आई जाण्याआधी तिच्याजवळ काय बोलली, तेही तिनं तेव्हाच सांगितलं. ते मी इथं लिहीत नाही.

एका सकाळी, बोटं पांढऱ्याच्या हद्दीवर असताना, ती अगदी सहज म्हणाली, "लग्न झाल्यावर तिसऱ्या वर्षी मी तुमाला म्हणलं व्हतं, फाट्यावर शिवणाचं दुकान टाकते म्हून. तुमी काय म्हणलात, आठवतंय का?"

मला आठवत नव्हतं.

"मास्तराच्या बायकोनं फाट्यावर बसायचं न्हाई, म्हणलात. बुटाची लेस बांधायलता. वर बघितलं सुदिक न्हाई."

मी आकडे विसरलो. तीस झाले होते का चाळीस, कोण जाणे. तिनंच हळूच हात सोडवून घेतला आणि म्हणाली, "झालं असंल आता. दुसरं बोट घ्या."

दिवाळी सरली तशी मला घाई सुटली. डॉक्टरांनी पुन्हा बोलावलेला दिवस जवळ येत होता. बोटं अर्ध्यावर वळत होती, पण पुरती मूठ अजून लांब होती. एका दुपारी मी पांढऱ्याच्या पुढं गेलो. थोडंसंच. मधल्या बोटाच्या पेरावर कातडी चिरली, रक्ताची बारीक रेघ उमटली. मंदा त्या रेघेकडं बघत राहिली. मी बोटं सोडली आणि तेलाच्या बाटलीला झाकण लावलं.

"बस झालं," मी म्हणालो. "आपण ऑपरेशन करू. मी नाही करणार आता."

मी उठायला गेलो. तिनं डाव्या हातानं माझा सदरा धरून मला खाली बसवलं. तिचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता, आणि तो मोठाही नव्हता.

"एक डाव तुमच्या जपण्यानं हात आखडला माझा. म्या गप बसले. आता दुसऱ्यांदा न्हाई आखडू द्यायची. तुमाला भ्या वाटायलं तर डोळं मिटा. पर हात धरा."

अश्विनीला फोन केला. तिनं चिरलेलं बोट दोन-चार दिवस सोडून द्यायला आणि बाकीची चालू ठेवायला सांगितलं. "आणि सर, घाई काढून टाका. कातडी कॅलेंडर बघत नाही." आम्ही अंगठ्याच्या मागं लागलो. अंगठा बाहेर ओढून धरायचा, मधली कातडी ताणायची, थांबायचं. कात्रीच्या कडीत अंगठा जायचा तर तेवढी जागा लागणार होती. मंदानं ते कुणी न सांगता ओळखलं होतं. अंगठ्याच्या वेळी ती कधीच 'सोडा' म्हणाली नाही.

फरक एकदम पडला नाही. कधी दिसायचा, कधी सकाळी उठून बघावं तर हात रात्रीतून पुन्हा आखडलेला. पण रोजची पांढरी हद्द जरा जरा पुढं सरकत होती. एके दिवशी तिनं भाकरीचा तुकडा चार बोटांत धरला. एके दिवशी माझ्या सदऱ्याचं बटण लावलं, त्याला फार वेळ लागला आणि मी हललो नाही. थंडी पडली, खोबरेल तेल बाटलीत गोठायला लागलं. मी सकाळी बाटली उन्हात ठेवायचो आणि ऊन ओट्यावर यायची वाट बघत दोघं बसायचो. ठरल्या दिवशी डॉक्टर हात तपासून म्हणाले, "ऑपरेशनचं नाव आता काढायचं नाही. पण हे सोडूही नका." करंगळी पुरती वळली नाही. ती आजही बाकीच्यांपासून जरा वेगळी उभी असते.

शाळेत मी मैदानावर 'एक-दोन-तीन' बंद केलं. पोरांच्या जोड्या लावल्या. एकानं बसून पाय लांब करायचे, दुसऱ्यानं पाठीवर नुसता हात ठेवायचा. "दाबायचं नाही. तो श्वास सोडंल तेव्हा हात आपोआप पुढं जाईल, तेवढंच." सुरुवातीला पोरं खिदळली. मग शांत झाली. सगळं मैदान वाकून श्वास सोडत होतं, आणि शिट्टी माझ्या गळ्यात नुसती लोंबत होती.

मार्गशीर्षात एका सकाळी मी उन्हातली बाटली घेऊन ओट्यावर आलो, तर मंदा आधीच बसलेली. डाव्या हातानं उजव्याची बोटं खाली दाबून धरलेली, ओठ हलत होते. तिचे तीस झाले. हात पदराला पुसून ती म्हणाली, "आज माझं मी केलं. तुमी जा, शाळा भरंल."

आनंदच व्हायला हवा होता. झालाही. पण बाटली फळीवर ठेवताना मला माझे हात कुठं ठेवावेत ते कळेना. दिवसभर मैदानावर ते रिकामे रिकामे वाटत राहिले. आता पुन्हा भाजी काय आणि भाकरी वाढ, असं मनात येत राहिलं.

दुसऱ्या सकाळी मी थेट बूट घालायला बसलो, तेव्हा ती समोर येऊन बसली आणि हात माझ्यापुढं केला.

"आज तुमी करा."

"तुझं तुला जमतंय की आता."

"जमतंय. पर मला बोलायचंय."

मी लेस तशीच सोडली. तेल लावलं, बोटं धरली. हात जड आणि मऊ होता, मनगटापासून खांद्यापर्यंत कुठं गाठ नाही. पांढऱ्याच्या हद्दीवर आल्यावर ती बोलली.

"फाट्यावर गाळा बघितलाय म्या. बसस्टँडच्या बाजूचा, उजेडाचा. संक्रांतीच्या आदी मशीन तिथं न्यायची. इचारत न्हाई तुमाला, सांगायले."

मी मोजत राहिलो. पंचवीस, सव्वीस. तिचा हात जराही आवळला नव्हता. माझंच मनगट ताठ झालं होतं. ते मी सैल सोडलं. तीस झाल्यावर विचारलं, "टेम्पो सांगू का मशीनसाठी?"

"सांगून ठिवलाय," ती म्हणाली. "तुमी नुसतं उचलू लागा."

मशीन आम्ही दोघांनी उचलली. गाळा खरंच उजेडाचा होता. पहिलं कापड गयाकाकूनं आणलं, निळं, बारीक फुलांचं, आणि "चुकलं तरी चालंल गं," असं उगीच म्हणाली. मंदानं टेप गळ्यात टाकली, काकूला एकदा गोल फिरवलं, टेबलावर कापड पसरलं आणि खडूनं रेघ ओढली. मग कात्री घेतली. कडीत अंगठा घालायला वेळ लागला. गेला. पहिला काप थोडा अडखळला, दुसरा सरळ निघाला, आणि मग कात्री तिच्या जुन्या आवाजात चालू लागली, करंगळी तेवढी बाजूला ताठ उभी. मी दाराच्या चौकटीत उभा राहून बघत होतो. 

मंदानं मान वर केली नाही.

"बाजूला व्हा जरा," ती म्हणाली. "उजेड आडवलाय तुमी."

मी बाजूला झालो.